ओहोळाकाठचा अशोक : एका ओळखीचा इतिहास

रोह्याला लागूनच वरसे आहे. कुंडलिका जवळून वाहते आणि पुढे रेवदंड्याच्या खाडीला मिळते. डोंगराकडून येणारे लहानमोठे ओहोळ तिच्याकडे धावतात. पावसाळ्यात ते अंगावर येतात आणि मार्चमध्ये त्यांच्यात जेमतेम घोटाभर पाणी उरते. माझी आत्या या गावात राहते, त्यामुळे माझे तिथे जाणे-येणे आहे.

असाच एका मार्चमध्ये गेलो असताना शेजारची नववीतली एक मुलगी वही घेऊन आली. शाळेत बाईंनी एक छान गृहपाठ दिला होता : परिसरातल्या एका झाडाचे नाव न सांगता वर्णन करा, वर्गाने ते ओळखायचे. हिने लिहिले होते, ‘ओहोळाच्या काठी वाढते. फुले लाल, गुच्छात. गेल्या पावसात याला चपट्या शेंगा होत्या.’ वर्गातल्या बहुतेकांनी ‘पांगारा’ म्हटले आणि बाईंनीही तेच ग्राह्य धरले. मुलीला ते पटले नव्हते. तिचे म्हणणे साधे होते. पांगाऱ्याला काटे असतात, या झाडाला एकही नाही.

माझे काम प्रयोगशाळेतले, रेणूंशी. रानातली झाडे ओळखण्यात मी कच्चाच. पण हा आक्षेप इतका नेमका होता की संध्याकाळी आम्ही तिघे, म्हणजे ती, आत्या आणि मी, ते झाड पाहायला निघालो.

लाल फुले आणि शेंगा एवढ्याच खुणा घेतल्या तर कोकणात चार-पाच नावे डोळ्यांसमोर येतात. प्रत्येक नाव का टिकते किंवा का गळते हे पाहण्यासारखे आहे, कारण वर्गात करून घेण्याजोगा हा उत्तम खेळ आहे.

पहिला पांगारा. फेब्रुवारी-मार्चमध्ये तो पाने टाकून देतो आणि उघड्या फांद्यांच्या टोकांना लालभडक तुरे येतात. पान त्रिदली, म्हणजे एका देठावर तीन पर्णिका. खोडावर आणि फांद्यांवर काटे. मिरीच्या किंवा पानवेलीला आधार म्हणून, कुंपणाला खुंट म्हणून तो मुद्दाम लावतात. फांदी रोवली की फुटते. पांगारा म्हणून आपण ज्यांना ओळखतो त्या खरे तर एकाहून अधिक जाती आहेत. एक किनारपट्टीवर अधिक दिसते, दुसरी डोंगरउतारावर, तिसरीची साल बुचासारखी जाड. पण काटे, त्रिदली पान आणि मटारच्या फुलाशी नाते सांगणारी असमान पाकळ्यांची रचना या खुणा साऱ्यांत सापडतात.

दुसरा पळस. त्याला पाने तीनच, हे म्हणीनेच सांगून ठेवले आहे. तोही फुलताना जवळजवळ निष्पर्ण असतो. शेंग चपटी असते खरी, पण तिच्यात बी एकच, तेही टोकाला. फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ लामार्कने पळसाला शास्त्रीय नाव दिले तेव्हा त्याने तो पांगाऱ्याच्याच प्रजातीत घातला होता : ‘एरिथ्रिना मोनोस्पर्मा’, म्हणजे एकबीजी पांगारा. तेव्हा लाल फूल पाहून ‘पांगारा’ म्हणणारा नववीचा वर्ग काही वाईट संगतीत नव्हता.

तिसरा गुलमोहर. तो मादागास्करचा, आपल्याकडे एकोणिसाव्या शतकात आला. तो रस्त्याकडेला, अंगणात, जिथे माणसाने लावला तिथे दिसतो. रानातल्या ओहोळाकाठी आपणहून वाढलेला सहसा आढळत नाही. शिवाय तो फुलतो उन्हाळा चांगला तापल्यावर.

चौथा निवर, ज्याला समुद्रफळ असेही म्हणतात. ‘पाण्याकाठी, लाल फुले’ या दोन खुणांना तो अगदी चपखल बसतो. फुलांच्या लांब माळा पाण्यावर लोंबतात आणि सकाळी खाली लाल केसरांचा सडा पडलेला असतो. पण त्याचे फळ चौकोनी, कडांचे, एकबीजी असते. शेंग नाहीच. म्हणजे तो शेंगांच्या कुळातला नाही आणि इथेच बाद होतो.

आम्ही ओहोळाशी पोचलो तेव्हा उजेड उतरत होता. झाड फार उंच नव्हते, सात-आठ मीटर असेल. पानांनी गच्च भरलेले. पांगारा आणि पळस दोघेही एका नजरेत निकालात निघाले. पान संयुक्त, पर्णिकांच्या चार-पाच जोड्या, टोकाला एकटी पर्णिका नाही. फांद्यांच्या शेंड्यांना कोवळ्या पालवीचे तांबूस झुबके निर्जीव असल्यासारखे खाली लोंबत होते. फुलांचे गुच्छ मात्र शेंड्यांवर नव्हते. जुन्या फांद्यांवर आणि चक्क खोडावर, हात पोचेल तिथपर्यंत, ते चिकटवल्यासारखे दिसत होते. एकाच गुच्छात काही फुले पिवळट-केशरी, काही शेंदरी, काही पुरती लाल. ताजे फूल पिवळट असते आणि जुने होता होता लाल होते. मंद सुवासही होता.

फूल उघडून पाहिल्यावर गंमत कळली. त्याला पाकळ्याच नाहीत! आपण ज्यांना पाकळ्या समजतो ते निदलपुंजाचे चार रंगीत भाग आहेत. ते एका लांबट नळीच्या तोंडाशी पसरलेले असतात आणि नळीच्या तळाशी दोन लहान रंगीत छदके असतात. आतून सात-आठ लांब पुंकेसर बाहेर डोकावतात. दुरून गुच्छाला जो केसाळपणा दिसतो तो त्यांचाच. मुलीने तीन फुलांतले पुंकेसर मोजले : सात, सात, आठ.

आत्या एवढा वेळ गप्प होती. ती म्हणाली, “अरे, हा अशोक. सीतेचा. आमची आजी याच्या सालीचा काढा करायची.”

मुलगी लगेच म्हणाली, “आजी, अशोक तर आमच्या शाळेच्या फाटकाशी आहे. सरळसोट. त्याला लाल फुलं नाही येत.”

दोघींचेही बरोबर होते. एका नावाची दोन झाडे आहेत. आणि हा घोळ आजचा नाही.

आपल्या जुन्या कोशांपासून सुरुवात करू. अमरकोशात अशोकाला ‘वंजुल’ हा पर्याय दिला आहे. पण त्याच अमरकोशात तिनिश नावाच्या झाडालाही ‘वंजुल’ म्हटले आहे आणि वेतसालाही, म्हणजे पाण्याकाठच्या वेताला. एक शब्द आणि तीन वनस्पती. कुणी जुन्या ग्रंथात नदीकाठच्या वंजुलाचे वर्णन वाचले तर तो अशोक समजायचा की वेत? नुसत्या नावावरून सांगता येणार नाही. संस्कृत काव्यातली झाडे ओळखताना मोठमोठे पंडित चकले आहेत ते अशा ठिकाणी.

आता दुसरी बाजू पाहा. सोळाव्या शतकातल्या भावमिश्राच्या भावप्रकाशात अशोकाची जी नावे येतात त्यांत हेमपुष्प, ताम्रपल्लव, पिंडपुष्प आणि गंधपुष्प ही आहेत. ही नावे नुसती पाठ करायची म्हटली तर कंटाळवाणी आहेत. पण ती हातात घेऊन ओहोळाकाठी उभे राहा. हेमपुष्प : ताजे फूल सोनेरी. ताम्रपल्लव : कोवळी पालवी तांब्याची. पिंडपुष्प : फुले गोळ्यासारख्या गुच्छात. गंधपुष्प : सुवास. आमच्या डोळ्यांसमोरच्या झाडाच्या चार खुणा चार शब्दांत. निघंटूंमधली पर्यायी नावे म्हणजे काही प्रमाणात झाड ओळखण्याची किल्लीच होती असे मला वाटते. वैद्याच्या शिष्याने ती पाठ करायची आणि रानात जाऊन पडताळायची. शास्त्रीय वर्णनात आपण आज याहून वेगळे काय करतो? मोजमापे वाढवतो, इतकेच.

कवींचीही साक्ष काढता येते. कालिदासाच्या नावावर असलेल्या ऋतुसंहारात वसंतातला अशोक मुळापासून पोवळ्याच्या रंगाच्या फुलांनी लगडलेला दाखवला आहे. मुळापासून फुलणारे झाड ही कविकल्पना वाटेल, पण खोडावर आणि जुन्या लाकडावर फुले येणे ही अशोकाची खरीखुरी सवय आहे. फणसाच्या खोडाला फणस लागतात तसेच हे. ‘मालविकाग्निमित्रा’त तरुणीच्या पायाचा स्पर्श झाल्याशिवाय अशोक फुलत नाही, या संकेतावर सबंध प्रसंग रचला आहे. वनस्पतिशास्त्राला त्याचा उपयोग नाही. पण खोड बुंध्यापासून फुलते हे ज्याने पाहिले, त्याला पायाच्या स्पर्शाची कल्पना सुचणे अवघड नसावे.

युरोपच्या ग्रंथांत हे झाड पहिल्यांदा नीट शिरले ते मलबारमार्गे. कोचीन येथील डच सत्तेचा प्रमुख हेंड्रिक फान ऱ्हीडे याने सतराव्या शतकात ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा भागांचा ग्रंथ तयार करवून घेतला. तो १६७८ ते १६९३ या काळात आम्सटरडॅममध्ये छापला गेला. त्याच्या पाचव्या भागात ‘असजोगम’ या नावाने आपल्या झाडाचे चित्र आणि वर्णन आहे. मराठी वाचकाने या ग्रंथाकडे आणखी एका कारणासाठी पाहावे. त्यातली माहिती देणाऱ्यांत इट्टी अच्युतन या केरळी वैद्याबरोबर रंग भट, विनायक पंडित आणि आपू भट हे तीन कोकणी वैद्य होते. १६७५ साली त्यांनी लिहून दिलेले कोकणी प्रमाणपत्र पहिल्या भागात नागरी अक्षरांत छापलेले आहे. युरोपात छापल्या गेलेल्या नागरी मजकुराच्या सुरुवातीच्या नमुन्यांत त्याची गणना होते. ग्रंथावर नाव डच अधिकाऱ्याचे असले तरी झाडांची ओळख पटवून देणारे डोळे या मंडळींचे होते.

ऱ्हीडेनंतर सुमारे शंभर वर्षांनी कलकत्त्यात या झाडाची शास्त्रीय नोंद झाली. सर विल्यम जोन्स तिथे न्यायाधीश होता. १७८४ मध्ये त्याने एशियाटिक सोसायटी स्थापन केली आणि १७८९ मध्ये शाकुंतलाचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला. आपण त्याला भाषांचा अभ्यासक म्हणून ओळखतो, पण आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत त्याला वनस्पतींचे वेड लागले होते. नावांच्या बाबतीत त्याचे एक ठाम मत होते. भारतातल्या झाडांना युरोपीय माणसांची नावे देणे त्याला रुचत नव्हते. ज्या देशातले झाड, त्या देशातले नाव राखावे, असा त्याचा आग्रह होता. १७९० मध्ये भारतीय वनस्पतींवरील नियोजित ग्रंथाची रूपरेषा मांडताना त्याने तो बोलून दाखवला. त्याच पद्धतीने त्याने अशोकाचे वर्णन ‘अशोक’ या नावाखालीच केले. फुललेल्या अशोकावर तो बेहद्द खूष होता, हे त्याच्या टिपणावरून उघड दिसते. एप्रिल १७९४ मध्ये तो वारला आणि ते टिपण १७९५ मध्ये सोसायटीच्या ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या चौथ्या खंडात छापून आले.

त्याच खंडात विल्यम रॉक्सबर्गचाही लेख होता. रॉक्सबर्ग हा १७९३ पासून कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचा प्रमुख. त्याला हे झाड एका नव्याच प्रजातीचे वाटले आणि दिवंगत मित्राच्या सन्मानार्थ त्याने तिला नाव दिले ‘जोनेसिया’. पूर्ण नाव ‘जोनेसिया अशोका’. युरोपीय माणसांची नावे झाडांना देऊ नयेत म्हणणाऱ्याचेच नाव त्याच्या आवडत्या झाडाला चिकटले! रॉक्सबर्गचा हेतू चांगला होता, यात शंका नाही. पण जोन्स हयात असता तर त्याने काय म्हटले असते, हा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही.

हे नाव काही टिकले नाही. वनस्पतींच्या नावांचा एक कडक नियम आहे : एकाच गटाला दोन नावे दिली गेली असतील तर आधीचे ग्राह्य. रॉक्सबर्गच्या अठ्ठावीस वर्षे आधी, १७६७ मध्ये, स्वीडनच्या लिनियसने ‘सराका इंडिका’ असे नाव एका झाडाला दिले होते. पुढे एकोणिसाव्या शतकात अभ्यासकांना दिसले की जोनेसिया आणि सराका या एकच प्रजाती आहेत. साहजिकच जोनेसिया मागे पडली. इथपर्यंत ठीक होते. पण त्याबरोबर आणखी एक गृहीत धरले गेले : लिनियसचे झाड आणि आपला अशोक हे एकाच जातीचे आहेत. नावात ‘इंडिका’ असल्याने कुणाला संशयही आला नसावा. हूकरच्या ‘फ्लोरा ऑफ ब्रिटिश इंडिया’च्या १८७८ च्या दुसऱ्या खंडात अशोक ‘सराका इंडिका’ म्हणून आला. तिथून तो वनखात्याच्या पुस्तकांत, औषधिकोशांत आणि आपल्या महाविद्यालयांच्या क्रमिक पुस्तकांत गेला. कित्येक शिक्षकांनी विद्यार्थिदशेत हेच नाव पाठ केले असेल.

गफलत ‘इंडिका’ या शब्दाने केली. लिनियसच्या काळी युरोपीय लेखक ‘इंडिया’ म्हणत तेव्हा त्यात जावा-सुमात्रापर्यंतची सारी पूर्वेकडची बेटे येत. लिनियस स्वतः इकडे कधी आलाच नव्हता. त्याच्यापुढे येत ते वाळवून पाठवलेले नमुने. त्याचा हा नमुना जावातला होता. नेदरलँड्समधल्या लायडनच्या वनस्पती संग्रहालयात १९६० च्या दशकात या प्रजातीची नव्याने छाननी झाली तेव्हा हे प्रकरण उलगडले. जावाकडचा सराका आणि आपला अशोक या दोन वेगळ्या जाती ठरल्या. ‘सराका इंडिका’ हे नाव नियमाप्रमाणे जावाच्या झाडाकडे राहिले. मग आपल्या झाडाला काय म्हणायचे? रॉक्सबर्गने दिलेले जातिवाचक नाव मोकळेच होते. डी वाइल्ड या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये ते सराकाला जोडले आणि ‘सराका अशोका’ हे आजचे नाव झाले. जोन्सचे नाव गेले आणि त्याला हवा असलेला संस्कृत शब्द राहिला.

आजही औषधांच्या वेष्टनांवर आणि काही पुस्तकांत ‘सराका इंडिका’ छापलेले आढळते. विद्यार्थ्याने दाखवून दिले तर त्याला जरूर शाबासकी द्यावी.

कुळाच्या बाबतीतही नवे काही घडले आहे. पाकळ्या नसलेले हे फूल मटारच्या फुलापासून इतके दूर, तरी झाड शेंगांच्या कुळातले कसे, असे मुले विचारतात. उत्तर शेंगेत आहे : एकाच किंजदलापासून तयार झालेली, दोन्ही कडांनी उकलणारी, आत एका रांगेत बिया. पूर्वी या कुळाचे तीन विभाग शिकवत आणि अशोक गुलमोहराच्या विभागात बसे. २०१७ मध्ये जगभरच्या अभ्यासकांनी डीएनएच्या आधारे सहा उपकुळे मान्य केली. त्यांत अशोक गुलमोहरापासून वेगळा झाला आणि चिंचेच्या उपकुळात गेला. चिंच आपण रोज खातो, पण ती अशोकाची भाऊबंद आहे हे कुणाच्या ध्यानात येणार?

आता शाळेच्या फाटकाशी असलेला दुसरा अशोक. सरळ वाढणारा, झुलत्या, कडा नागमोडी असलेल्या लांब पानांचा. पान साधे, संयुक्त नव्हे. फुले हिरवट, चांदणीसारखी, पानाआड लपलेली. फळे लहान अंड्यांसारखी, झुबक्यांत, शेंग नाही. हा सीताफळाच्या कुळातला. पुस्तकांत तो ‘पॉलिअल्थिया लाँगिफोलिया’ या नावाने प्रसिद्ध आहे, तर २०१२ पासून त्याला ‘मोनून’ या प्रजातीत ठेवले आहे. मूळचा दक्षिण भारत आणि श्रीलंकेचा. शोभेसाठी, कुंपणासाठी, कमी जागेत उंच वाढतो म्हणून तो सगळीकडे पसरला. गुजरातीत त्याला आसोपालव म्हणतात. या नावात बहुधा ‘अशोक’ आणि ‘पल्लव’ हे दोन शब्द दडले आहेत. मंगल प्रसंगी दाराला अशोकपल्लवाचे तोरण लावण्याची चाल जुनी. खरा अशोक ओहोळाकाठच्या सावलीत, शहरापासून दूर. दारात सहज मिळणारी लांबट पाने या झाडाची. पानांबरोबर नाव सरकले असावे. पुढे रोपवाटिकांत हाच ‘अशोक’ झाला आणि खऱ्याला ‘सीता अशोक’ असे विशेषण लावून ओळख सांगायची वेळ आली.

शाळेच्या फाटकापुरते हे निरुपद्रवी आहे. सालीच्या बाजारात तसे नाही.

अशोकाची साल आयुर्वेदात स्त्रियांच्या विकारांवर, विशेषतः अतिरिक्त रक्तस्रावावर, वापरतात. भैषज्यरत्नावलीतले अशोकारिष्ट घरोघरी ठाऊक आहे. औषध कारखान्यांत तयार होऊ लागले तशी सालीची मागणी वाढली. अशोक मात्र लागवडीतले झाड नव्हते. तो ओहोळाकाठी, देवराईत, सदाहरित रानाच्या ओल्या भागात थोडा थोडा वाढतो. मागणी रानावरच पडली. १९९८ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने, म्हणजे आय.यू.सी.एन.ने, त्याची नोंद असुरक्षित जातींत केली. आणि मागणी पुरी होत नाही म्हटल्यावर पोत्यात दुसरे काही भरले जाणारच. दुसऱ्या ‘अशोका’ची साल तर नावासकट तयार होती.

इथे आमच्या ओहोळाकाठच्या साऱ्या खुणा निरुपयोगी ठरतात. वाळलेल्या सालीच्या तुकड्याला ना ताम्रपल्लव, ना पिंडपुष्प. मुरलेला वैद्य रंग, चव आणि मोडण्याची तऱ्हा पाहतो. औषधिशास्त्राचा विद्यार्थी पातळ काप घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पेशी पाहतो. भुकटी झाली की तेही अवघड. मग उरतो डीएनए. प्रत्येक वनस्पतीच्या पेशीत काही ठरावीक तुकडे असे असतात की ज्यांचा अनुक्रम जातीगणिक थोडा थोडा बदलतो. तेवढाच तुकडा वेगळा काढून त्याची ज्ञात नमुन्यांशी तुलना करायची. दुकानातल्या वस्तूवरच्या पट्ट्यांच्या खुणेसारखे हे काम आहे, म्हणून त्याला डीएनए बारकोड म्हणतात. भारतीय संशोधकांनी ‘अशोक साल’ म्हणून विकल्या जाणाऱ्या नमुन्यांची अशी तपासणी केली. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षाप्रमाणे ऐंशी टक्क्यांहून अधिक नमुने अशोकाचे नव्हतेच. त्यांत किमान सात वेगवेगळ्या कुळांतल्या वनस्पती निघाल्या. ज्या बाईने रक्तस्राव थांबावा म्हणून ते औषध घेतले, तिच्या पोटात काय गेले असेल?

या पद्धतीला एक अट आहे आणि प्रयोगशाळेत काम करणारे आम्ही लोक ती विसरतो. तुलनेसाठी जो ‘ज्ञात नमुना’ घ्यायचा तो खात्रीचा हवा. म्हणजे कुणीतरी ओढ्याकाठी जाऊन, फूल उघडून, पुंकेसर मोजून, पान-फूल-शेंग वाळवून, कागदावर चिकटवून, ठिकाण आणि तारीख लिहून ठेवलेला. यंत्र अक्षरे वाचते, पण त्या अक्षरांचे झाड कोणते हे आधी माणसाने सांगावे लागते. तिथे चूक झाली तर यंत्र तीच चूक अचूकपणे करीत राहील. जावाच्या एका वाळक्या फांदीने आपल्याला जवळजवळ शतकभर चकवले, हे आपण वर पाहिलेच.

आम्ही तसा नमुना घेतला. फुलांचा एक गुच्छ आणि पानाची डहाळी वर्तमानपत्रात दाबून पुण्याला नेली. वनस्पतिशास्त्रातल्या एका सहकाऱ्याला दाखवली. त्याने भिंगाखाली छदके पाहिली, पुंकेसर पाहिले आणि म्हणाला, “तुझ्या आत्याला सांग, बरोबर आहे.” मुलीने वहीत पांगाऱ्यावर काट मारून खाली कारणे लिहिली : काटे नाहीत, पान त्रिदली नाही, फुलताना पाने आहेत, पाकळ्या नाहीत. बाईंनी ते पान वर्गात वाचून दाखवले आणि पुढच्या आठवड्यात अख्खा वर्ग ओहोळावर नेला. बाईंचे हे मला फार आवडले.

तेव्हा एक गोष्ट दिसली जी पहिल्या संध्याकाळी अंधारामुळे आमच्या नजरेतून सुटली होती. खोडाच्या ओहोळाकडच्या बाजूला, गुडघ्यापासून छातीपर्यंत, साल कोयत्याने काढून नेलेली होती. जखम जुनी होती. कडांनी झाड ती भरून काढायचा प्रयत्न करीत होते. सालीच्या आतल्या थरातून पानांनी तयार केलेले अन्न मुळांकडे उतरते. चहूबाजूंनी साल काढली तर मुळे उपाशी राहून झाड मरते. इथे निम्मा वेढा शाबूत होता. ज्याने काढली त्याला हे ठाऊक होते की अर्ध्यात कुणी आले म्हणून तो निघून गेला, सांगता येत नाही.

जुलैमध्ये पुन्हा गेलो तेव्हा झाडाला शेंगा होत्या, वीतभर लांब, चपट्या, काळपट पडू लागलेल्या. अशोकाचे बी वाळवून डब्यात ठेवले की जीव सोडते. ते ओले असतानाच पेरावे लागते. पावसाच्या तोंडावर शेंगा पिकणे आणि ओल्या काठावर पडणे, हे त्याच्या पाण्याकाठच्या राहण्याचे एक कारण असावे. काठ खणले, बांधले किंवा साफ केले की तेवढी जागाही जाते.

मुलीने आणि तिच्या वर्गाने मिळून चौदा बिया जमवल्या. आत्याच्या मागीलदारी दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत माती आणि शेण घालून त्या लावल्या आणि पिशव्या फणसाच्या सावलीत ठेवल्या. ऑगस्ट सरता सरता नऊ रोपे वर आली होती. पहिली पाने तांबूस, खाली लोंबणारी. कुणीतरी पिशव्यांवर खडूने ‘अशोक’ लिहिले होते. मुलीने प्रत्येकीवर त्याच्या आधी ‘सीता’ असे जोडले.